न बघता लिहिलेलं ‘झालं’

माझी ताई एका दवाखान्यात संगणक सांभाळते. चौदा वर्षं झाली. आमच्या शाळेत संगणक कपाटात कुलपाआड असायचा. ताई जे शिकली ते नोकरीत, चुका करत आणि शिव्या खात.

तिथले रक्ततपासणीचे अहवाल सर्व्हरवर साठतात. दुपारी दीडला तपासणीवाले जेवायला उठले की त्या अहवालांची दुसऱ्या डिस्कवर आपोआप नक्कल व्हायची. त्यासाठी ताईनं नऊ ओळींची एक बॅच फाइल, म्हणजे यंत्रासाठी हुकुमांची यादी, लिहून वेळ लावून दिली होती. आजच्या तारखेच्या नावानं फोल्डर कर, अहवाल त्यात टाक, आणि शेवटी संगणकातल्या नोंदवहीत लिही, ‘झालं’. तो शब्द तिनं हौसेनं घातला होता. रजेवर असली तरी घरून ती नोंद बघायची.

आईच्या ऑपरेशनसाठी तिनं बारा दिवस रजा घेतली. रोज मोबाइलवर ‘झालं’ दिसायचं आणि ती निर्धास्त व्हायची. मीही मनात देवाला हात जोडायचे, की निदान एक काळजी कमी.

ती कामावर परतली त्याच सकाळी सर्व्हरची डिस्क गेली. नक्कल उघडून बघते तर अकरा दिवसांचं एकही फोल्डर नाही. टाके काढायला आईला घेऊन मी तिथंच आले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

ताईच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. “बाई, सही करा. रजेवर जाताना हलगर्जीपणा केला, मान्य आहे, असं लिहिलंय. पुढचं वरचे बघतील.”

पुढचं म्हणजे नोकरी जाणार, हे आम्हा दोघींनाही कळलं.

“साहेब, नोंद तर रोज ‘झालं’ म्हणतेय.”

“म्हणजे तुमचं यंत्रही तुमच्यासारखंच! नुसतं तोंडानं झालं!”

माझं डोकं भणभणलं. चौदा वर्षांत हा माणूस त्या सर्व्हरच्या खोलीत फक्त एसीची हवा खायला गेलेला!  ताई मात्र भिंतीवरच्या सूचनांच्या फळ्याकडे टक लावून बघत होती. तिथं तिच्या रजेच्या दुसऱ्या दिवशी लागलेलं, साहेबांच्या सहीचं पत्रक होतं: ‘सर्व नोंदींत तारीख यापुढे तिरकी रेघ देऊनच लिहावी. आडवी रेघ अशोभनीय दिसते.’

“हे सर्व्हरवरही केलंत?”

“हो, मीच केलं. तुमच्याच लॉगिननं शिरून. शिस्त नको?”

ताईनं पत्रक टाचणीसकट उपटलं. “साहेब, माझी फाइल सर्व्हरवरची तारीख जशीच्या तशी फोल्डरला देते, आणि फोल्डरच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ती दिसली की यंत्राला वाटतं, पुढं काहीतरी हुकूम आहे. फोल्डर झालंच नाही. अहवाल जाणार कुठं? तुमच्या डोक्यात?”

शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाई खोकल्याच्या निमित्तानं हसल्या. साहेब लालबुंद झाले. “मग यंत्रानं झालं कसं लिहिलं?”

ताईनं पेन उचललं. मला वाटलं, काहीतरी ठोकून देईल. पण तिनं त्याच कागदावर लिहिलं: ‘माझी चूक: शेवटची ओळ काम तपासल्याशिवाय झालं म्हणते. बाकीची चूक सोबतच्या पत्रकावर सही करणाऱ्याची.’ खाली सही केली, पत्रक टाचलं आणि स्वतः नेऊन वरच्यांच्या टेबलावर ठेवलं.

नोकरी वाचली. साहेबही वाचले, त्यांना साधा जाबही कुणी विचारला नाही. अकरा दिवसांचे अहवाल तपासणीवाल्यांच्या कागदांवरून पुन्हा चढवायला बसली ती ताईच. घरी येऊन मी चिडून म्हणाले, “देव बघतोय सगळं.”

“बघू दे. पण माझ्या नोंदी तपासायला त्याला नको बसवू.”

आता तिची फाइल आधी दोन्हीकडचे अहवाल मोजते. जुळले तरच ‘झालं’, नाहीतर ‘नाही झालं, ये’. तारीखही ती आता साहेबांच्या रेघेवर सोडत नाही.

परवा साहेबांनी दारातून विचारलं, “बाई, झालं का?”

ताई खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. “बघते. मग सांगते.”