घरात कोणी आहे का?

आगाशीजवळच्या आमच्या वाडीत वडील गेल्यावर एकच माणूस राबत होतं, ते म्हणजे आई. पानवेली तिने लावलेल्या, केळी तिने जपलेल्या. तरी गावात वाडी वडिलांच्याच नावाने ओळखली जाई. मला त्याचा भारी राग यायचा.

ऐंशीच्या आसपास आमच्याकडे इमारती येऊ लागल्या. गावाचं सामाईक बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी देणारं मोठं तळं, बुजवून तिथून रस्ता काढायची टूम निघाली. ते बुजलं की आमची वाडी संपली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. निर्णय गावसभेत व्हायचा होता, आणि सभेत बसायचा मान नियमाप्रमाणे ‘घरातल्या कर्त्या पुरुषाला’. मी तेव्हा शाळेत नवी मास्तरीण. गावातल्या म्होरक्यांच्या दारी चपला झिजवल्या, हुज्जत घातली आणि ‘कर्ता पुरुष’ खोडून ‘घरातली कर्ती व्यक्ती’ असं करून घेतलं. त्या दिवशी आईला पेढा भरवला. म्हटलं, “आता सभेत तू बोलायचंस.” ती पेढा चघळत नुसती हसली.

सभेचा सांगावा घेऊन एक म्हातारा घरोघर फिरायचा. ज्या घरी सांगावा घेतला, त्याच घराला सभेत तोंड उघडता येई, रीतच तशी. तो आला तेव्हा मी शाळेत होते. आई पाटात, घोट्यापर्यंत चिखलात. म्हाताऱ्याने फाटकातून नेहमीसारखी हाक दिली, “घरात कोन हाय का?”

आईने पदर सावरला आणि नेहमीसारखंच उत्तर दिलं, “कोनी नाय.”

तो पुढच्या फाटकाकडे गेला.

संध्याकाळी तिनेच मला हे सांगितलं, दारात मांजर येऊन गेलं इतक्या सहज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“अगं, तू होतीस ना घरात!”

“मी होते गं. पन बाप्या कोनी नव्हता. खोटं कसं सांगू?”

दुसऱ्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच देवळात सभेला नेलं. हिला बोलू द्या, म्हणून विनवण्या केल्या. म्होरके शांतपणे म्हणाले, “बाई, नियम तुम्ही बदलून घेतलात, आम्ही मानला. पण घरात कोणी नाही, असं तुमच्या आईच म्हणाल्या.” लोक हसले. आई मान खाली घालून खांबाआड सरकली. बावखल बुजवायचं ठरलं. शब्दांवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला तो उडालाच. कागदावरून पुरुष खोडता आला; आईच्या मनातल्या त्या घरात तिला बसवायला मला जागाच सापडली नाही.

मग मातीचे ट्रक आले. पुढच्या उन्हाळ्यात वेलींच्या काड्या झाल्या. तरी आई रोज फावडं घेऊन कोरड्या पाटाशी जाऊन उभी राही. मला ते बघवत नसे.

अशाच एका संध्याकाळी जमिनीचा एक दलाल फाटकाशी आला. “कोणी आहे का घरात?”

आईने तोंड उघडायच्या आत मी ओरडले, “आहे! आम्ही दोघी आहोत!”

त्याने आमच्याकडे बघून अदबीने मान हलवली. मग आमच्या खांद्यांवरून घराच्या दाराकडे बघत, कोणी बाहेर येतंय का, याची वाट पाहत तो उभा राहिला.