अपग्रेडसाठी निवडलेला दिवस

चूक माझी होती. दिवस मी निवडला, नाव मी लिहिलं, आणि ते नाव खोडायला मला कुणी अडवलं नव्हतं.

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी संगणक विभाग सांभाळत होतो. शाखा वाढल्या तसं मालकांनी एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. लातुरात बसून नांदेड-उदगीरचे सगळे संगणक त्यातून दिसायचे, चालवता यायचे. पुढे कंपनीने साचलेल्या दुरुस्त्यांचा सर्व्हिस पॅक पाठवला. तो चढवायचा म्हणजे आधी लातूरचा मुख्य सर्व्हर, मग शाखांचे सर्व्हर, शेवटी एकेक संगणक. तेवढा वेळ सगळं बंद. आमच्याकडे तर रविवारीही टेस्ट असायची.

"पोरांनी सुट्टी मागितली तर मी हाकलतो," मालक म्हणाले, "आन् आता तुमचं सॉफ्टवेअर सुट्टी मागायलंय व्हय?"

एकच दिवस मोकळा सापडत होता, गणपती विसर्जनानंतरचा. मिरवणुकीत जागलेली मुलं त्या दिवशी येतच नसत. मी तो धरला.

नांदेडची शाखा सांभाळणारा माझा सहकारी भूकंपात गेलेल्या गावचा. विसर्जनानंतरच्या त्या पहाटे त्याची आई आणि बहीण घराखाली गेल्या. सरकार तारीख पाळतं, त्याचे वडील तिथी पाळायचे. दर वर्षी नव्या गावातून बापलेक जुन्या गावठाणात चालत जायचे, बाभळींमधून आपल्या घराची जागा शोधायचे आणि तिथे दिवा लावायचे. वडिलांना आता नीट दिसत नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. भूकंपात आमची लातूरची एक भिंत तडकली होती, ती आम्ही लिंपून घेतली. दिवा कुठे का लागेना, असं मला वाटायचं.

त्याचा फोन आला. "सर, त्या दिवशी मला न्हाई जमायचं. दोन टप्पे करू की. लातूरचं तुम्ही करून घ्या. नांदेडचं मी पुढच्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं करतो. तोवर जुनं-नवं सोबत चालतंय."

चाललं असतं. पण सगळं एका दिवसात उरकतो, असं मी मालकांना सांगून बसलो होतो.

"अरे, सगळं इथूनच होणार आहे. तू नुसता बसून राहा. काही अडलं तर तिथं माणूस पाहिजे."

"नुसतंच बसायचंय तर मग..." तो म्हणाला, "बरं सर."

आराखड्यात त्याचं नाव 'गरज पडल्यास' या रकान्यात होतं. गरज पडली नाही. दुपारपर्यंत नांदेडचे सगळे संगणक नव्या आवृत्तीवर आले. एखादा तरी अडकायला हवा होता, असं मला नंतर कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाबासकी द्यायला फोन केला. वडील एकटेच जाऊन आले, असं तो म्हणाला. "आबा म्हणले, आपला उंबरा घावला न्हाई रे. कुणाच्या तरी दारात दिवा लावून आलो."

मी म्हणालो, "बरं, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठव."

त्याने पाठवला.

पुढच्या गणपतीच्या आतच वडील वारले. मी भेटायला गेलो. काय झालं होतं, ते विचारलं, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो आणि परत आलो. नंतर मी ती नोकरी सोडली. सणावाराला त्याचा फोन यायचा, 'सर' म्हणायचा, मुलांची चौकशी करायचा. प्रत्येक फोननंतर मला दिवसभर जड वाटायचं.

यंदा काही काम नसताना मी नांदेडला त्याच्या घरी गेलो. "सर, बसा की," तो म्हणाला. मी दारातच उभा राहिलो.

"त्या दिवशी तुझी तिथं गरज नव्हती," मी म्हणालो. "मला ते माहीत होतं. मालकांपुढे शब्द फिरवायची लाज वाटली, म्हणून तुला बसवून ठेवलं. आबांना घर सापडलं नाही, ते माझ्यामुळे. मला माफ कर."