आता मेलो असं वाटेल

माझ्या वहिनीला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. अशा माणसाबरोबर एका घरात राहणं म्हणजे रोजची परीक्षा असते. मी नवे पडदे लावले तेव्हा सगळ्यांनी वा वा केलं. वहिनी म्हणाली, "कापड टिकाऊ आहे." रंगाबद्दल विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नर्स आहे. तिथलं चाकांचं कपाट तिच्या ताब्यात असतं आणि त्याच्या वरच्या खणात हृदयाची औषधं असतात. बंद पडलेल्या हृदयासाठी ॲड्रेनलिन, नुसतंच थरथरत विजेच्या झटक्यालाही दाद न देणाऱ्यासाठी ॲमिओडॅरोन, रेंगाळणाऱ्यासाठी ॲट्रोपिन आणि उधळलेल्यासाठी ॲडेनोसिन. या शेवटच्याची तऱ्हाच न्यारी. ते उधळलेल्या हृदयाला काही क्षण चक्क थांबवतं, मग ते आपलं आपण ताळ्यावर येतं. त्या काही क्षणांत माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, हीच खरी पंचाईत.

बाकीच्या नर्स म्हणतात, "जरा कसंतरी होईल हं." वहिनी म्हणते, "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होईल. आता मेलो असं वाटेल. तुम्ही मरणार नाही." तिन्ही वाक्यं एकाच सुरात, भाजीचा भाव सांगावा तशी. एकदा कुणाच्या तरी जावयाने तक्रार केली की ही बाई आजारी माणसाला मरणाच्या गोष्टी सांगते. मेट्रनने बोलावून समज दिली. वहिनीने निमूट ऐकून घेतलं आणि पुढच्या रुग्णाला पुन्हा तेच सांगितलं.

तिचं बरोबर होतं हे आमच्या घरातच सिद्ध झालं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, गाडी चालवायला शिकवतो आणि मी त्याचं ऑफिस सांभाळते. तो परगावी गेला असताना पहिल्यांदा त्याचं हृदय उधळलं. तिथल्या नर्सने मुंगी चावल्यासारखं होईल असं सांगून हेच इंजेक्शन दिलं. हृदय जाग्यावर आलं, पण दादाचं मन काही आलं नाही. घरी येऊन त्याने जाहीर केलं की धडधडीने गेलो तरी बेहत्तर, ती सुई पुन्हा नको. वहिनीने हरतऱ्हेने समजावलं. तो म्हणाला, तू घेतलंयस का कधी? त्यानंतर तो विषय घरात निघेनासा झाला.

गोळ्यांवर बरेच दिवस निभावलं. मग एका दुपारी पोस्टातल्या एक बाई गाडी शिकत होत्या, दादा शेजारी आणि मी मागच्या सीटवर. एरवी अखंड बडबडणारा दादा एकदम गप्प झाला. बघते तर शर्ट घामाने चिंब आणि गळ्याची शीर ताडताड उडतेय. मी बाईंना सरळ वहिनीच्या इस्पितळात घ्यायला सांगितलं. बाईंनी गाडी नेली, पण सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. सर सांगेपर्यंत गिअर बदलायचा नाही ही त्यांची शिकवण, आणि सरांना बोलायला दम उरला नव्हता. इंजिन बोंबलत होतं आणि मागचे हॉर्न मारून आमचा उद्धार करत होते.

तरुण डॉक्टरने वायरी जोडल्या. सुईविनाच हृदय ताळ्यावर यावं म्हणून रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर उचलले. फरक पडेना. त्याने ॲडेनोसिनचं नाव काढताच दादाने कोपर छातीशी घट्ट मुडपून घेतलं. डॉक्टरने समजावलं की रक्तदाब उतरायला लागलाय, आणखी उतरला तर झोपवून विजेचा झटका द्यावा लागेल, त्यापेक्षा हे सोपं आहे. दादा ऐकेना. शेवटी म्हणाला, "तिला बोलवा. ती खोटं बोलत नाही."

वहिनी पडद्यापलीकडे होती. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांची छाती सगळे आळीपाळीने दाबत होते, ॲड्रेनलिनवर ॲड्रेनलिन देऊन झालं होतं, आणि नुकतंच सगळ्यांनी हात थांबवले होते. ती हात धुऊन आली. घरच्या माणसाला सुई टोचायची नाही असा तिथला नियम, म्हणून सिरिंज डॉक्टरच्याच हातात राहिली. औषध झपकन पोचावं म्हणून दंड उचलून धरायचा, तेवढं काम तिचं.

"छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होईल," ती म्हणाली. "आता मेलो असं वाटेल."

आणि थांबली. दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही बघत होते. तिसरं वाक्य आलंच नाही. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ती घाबरली होती. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती.

दादाने कोपर सोडलं. हात सरळ करून तिच्या हातात दिला आणि डॉक्टरला मान हलवून खूण केली.

औषध गेलं, पाठोपाठ सलाईनचं पाणी गेलं. दादाचे डोळे पांढरे झाले, बोटं वहिनीच्या मनगटात रुतली. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली आणि सपाटच पुढे सरकत राहिली. मग एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग ते शहाण्यासारखे एकामागून एक यायला लागले. डॉक्टर हुश्श करून बाजूला झाला.

दादा धापा टाकत पडून राहिला. मग म्हणाला, "शेवटचं बोलली नाहीस."

"खात्री नव्हती," वहिनी म्हणाली.

"त्या घाबरलेल्या तोंडाने बोलली असतीस तर हात दिला नसता मी."

वहिनी मग उभ्या उभ्याच रडली. दादा तिचं मनगट सोडायला तयार नव्हता, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. शेवटी मीच पदराने पुसले.