बर्फावर अनवाणी

डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा बारीक धागा होता. "तळव्याला टोचलं की 'हो' म्हणा."

मी वाट पाहत राहिलो. शेवटी वैतागून म्हणालो, "अहो बाई, सुरू तरी करा."

"दहा ठिकाणी टोचून झालं, सुभेदार."

त्या धाग्याला मोनोफिलामेंट म्हणतात आणि माझ्या आजाराला डायबेटिक न्यूरोपथी. रक्तातल्या साखरेने नसा निकामी होतात आणि पायाला काही लागलेले कळेनासे होते. माझ्या डाव्या तळव्यात गंजका खिळा रुतला होता. एक्स-रेमध्ये तो स्वच्छ दिसला. कधी घुसला, देव जाणे. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातला जंतुसंसर्ग, सुरू झाला होता. पाय वाचेलच असे सांगता येत नाही, असे बाईंनी तोंडावर सांगितले.

मी उसळलो. कारगिलहून दोन्ही पाय शाबूत घेऊन आलेला माणूस मी. एका खिळ्यापायी पाय देईन? नाव नका काढू म्हणालो.

पेन्शनीत आल्यावर मी आमच्या बंदरावर बर्फाचा कारखाना काढला. मच्छीमारांच्या होड्या आमचाच बर्फ नेतात. कारखान्यात सगळे गमबूट घालायचे, मी मात्र अनवाणी. बर्फाच्या पाण्यात उभा राहून होड्यांच्या नाखवांना सांगायचो, "बर्फात लढलोय मी, हा काय करणार मला?" गेली दोन वर्षे पायाला गार लागतच नव्हते. तेच पहिले लक्षण होते आणि मी ते छातीवर पदक लावावे तसे मिरवत होतो. साखरेची गोळी आठवली तर घ्यायचो.

दाखल झालो ते गावच्या धर्मादाय दवाखान्यात, मीच आईच्या नावाने बांधून दिलेल्या वॉर्डात. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून जोते उंच घेतलेले, त्याला काळ्या दगडाच्या चार पायऱ्या, कठडा नाही. चौघांनी मला खुर्चीत बसवून उचलले. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली आणि मी ओरडलो, "कुठल्या गाढवाने बांधल्या या पायऱ्या?"

चौघेही दारावरच्या संगमरवरी पाटीकडे बघत होते. पाटीवर आईच्या नावाखाली माझे नाव होते.

नऊ दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक्स आणि ड्रेसिंग झाले. डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, झाली. रक्त घोट्याखाली जेमतेम पोचत होते. दहाव्या दिवशी पनवेलहून येणारे सर्जन म्हणाले, "बिलो नी ॲम्प्युटेशन. गुडघ्याखालून काढावा लागेल. आज गुडघा वाचवता येतो. थांबलात तर तोही जाईल."

मी एक दिवस मागून घेतला. पळून जायचा बेत होता, खोटे कशाला सांगू?

दुपारी आमचा फोरमन पांडू शहाळे घेऊन आला आणि मान खाली घालून बसला. "सुभेदार, मी बगितलेलं. तुमी चालायचात तिथं फरशीवर रगताचं ठसं उटायचं. मी पानी मारून धुवायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"कोन बोलनार? मागं गमबुटाचं बोललो, तं आठ दिस तुमी माज्याशी बोललं न्हाय. पायऱ्यांचं पन गवंडी सांगत व्हता. त्यालाबी हाकललात."

मला राग आला, मग लाज वाटली. माझ्या पायाने मला काही सांगणे बंद केले होते आणि माझ्या माणसांनीही. पायाचे खापर साखरेवर फोडता येत होते, माणसांचे कोणावर फोडणार? तोवर त्या वॉर्डात मला तोंडावर खरे बोलणारे दोघे डॉक्टरच होते. त्यांचे ऐकायचे ठरवले आणि संध्याकाळी सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नसलेल्या पायाचा तळवा ठणकू लागला. याला फँटम पेन म्हणतात, कापलेल्या अवयवाच्या वेदना. होता तेव्हा मुका, गेल्यावर बोंब मारतो! हसलो, आणि हसता हसता हमसून रडलो. लढाईतही असा रडलो नव्हतो.

चौथ्या महिन्यात कृत्रिम पाय बसला. फिजिओथेरपीच्या पोरीने दहा पावले सांगितली की मी बारा टाकायचो. मवाळ झालोय अशी आवई गावात उठली आहे, ती खोटी आहे. चालता आल्यावर पहिल्यांदा पायऱ्या फोडायला लावल्या. तिथे आता उतार आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे. फोडताना पाटीला तडा गेला, तो तसाच ठेवला. कारखान्यात गमबुटाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, मलाही नाही. दर महिन्याला बाई धागा घेऊन येतात आणि सगळ्यांचे तळवे तपासतात.

तुम्हाला साखर असेल तर रोज तळवे बघा. वाकता येत नसेल तर घरच्या माणसाला बघायला सांगा, आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या. हे दुसरे मला पहिल्यापेक्षा जड गेले.

रोज सकाळी बायको, सुनंदा, माझा उजवा पाय मांडीवर घेते आणि खिडकीच्या उजेडात बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते. मी विचारतो, "काय आहे ते सांग."

"पाय बरा हाय," आज ती म्हणाली. "पन काल पांडूवर उगाच वराडलात. चूक तुमची व्हती."

मी गमबूट चढवले आणि पांडूकडे निघालो.