मृगात शिजायला ठेवलेली भज्जी

आक्कांच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. सवयीनं म्हणाले, "बोला आक्का." पलीकडं कुणीतरी खाकरलं, आणि दाजींचा आवाज आला. दाजी म्हणजे आक्कांचे यजमान. या माणसानं उभ्या जन्मात कुणाला फोन लावलेला नाही. घरातलं फोनवरचं सगळं बोलणं आक्काच करायच्या. त्यामुळं दाजींचा आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं. "गेली," एवढंच ते म्हणाले. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि मी हातातली लाल पेन्सिल उगाच टोकदार करत बसले.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. नणंद-भावजय म्हटलं की ऐकणारा आधीच गालात हसतो. आमचंही वाजलं, नाही असं नाही, पण वाजलं ते फुलकोबीवरून. लग्नानंतरची माझी पहिली येळवस होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात जाऊन जेवायचं, हा सण खरा लातूर-धाराशिवकडचा. आमच्या बीड जिल्ह्यात तो अंबाजोगाई-केजपर्यंत पोचलेला. आक्कांचं सासर नेकनूरच्या पुढं, तिथल्या शिवारात तो फारसा कुणी करत नव्हतं. पण त्यांच्या सासूबाई अंबाजोगाईकडच्या, त्यांनी येताना हा सण सोबत आणला आणि सुनेच्या पदरात टाकला. मी वाढलेली शहरात. सणाला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बीडच्या मंडईतून पिशवीभर मटार, सिमला मिरची आणि पांढरीशुभ्र फुलकोबी घेऊन गेले. आक्कांनी कोबीचा गड्डा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ही कुनाच्या रानातली गं?"

"मला काय माहीत आक्का, मंडईतनं आणली."

"मंग जिला आपन वळखत न्हाई तिला पंगतीला कशी बसवायची?" असं म्हणून त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात परत दिली. "उद्या तुज्या घरी कर. आज न्हाई."

मला राग आला. त्यातही गंमत अशी, की तासाभरानं रस्त्यानं जाणारा एक अनोळखी मोटरसायकलवाला त्यांनी हाका मारमारून थांबवला आणि जेवायला बसवला. येळवशीला रानाजवळून जाणाऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. माणूस कुठलाही चालतो, कोबी मात्र ओळखीची पाहिजे, असा हा कायदा! मी नवऱ्याच्या कानात तसं कुजबुजलेही. पण मग पंगत बसली. कडब्याची छोटी खोपटी, तिला कोप म्हणतात, आणि तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. त्यांना नैवेद्य दाखवून, उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडून आम्ही जेवायला बसलो. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यातलं गार आंबील, गव्हाची खीर आणि भज्जी. तळायची भजी वेगळी आणि ही भज्जी वेगळी. ओल्या तुरीचे दाणे, वाल, हरभऱ्याचे सोले, मेथी, पातीचा लसूण, बोरं, गाजर असलं रानातलं जे जे हिरवं असेल ते चिंच आणि बेसन लावून एकत्र शिजवतात. पहिला घास घेतला आणि माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. ती चव कशी होती ते मला अजूनही सांगता येत नाही. मी मुकाट्यानं तीनदा वाढून घेतलं.

पुढं हळूहळू ध्यानात आलं, की या जेवणाची तयारी आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात होत नसे. ती सहा-सहा महिने आधी, मृगात होत असे. मीठ सोडलं तर त्या दिवशी पानात विकतचं काही पडू द्यायचं नाही आणि फवारलेलंही काही नाही, हा आक्कांचा नेम. दाजींची कापूस-सोयाबीन चारचौघांसारखी, औषधं मारूनच यायची. आक्कांनी त्यांच्याकडून विहिरीजवळचा एक पट्टा मागून घेतला होता, त्याला सगळे येळवशीचं वावर म्हणत. दाजी पंप पाठीला लावून निघाले की या बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या. "वारं बघा आदी! माज्या भज्जीवर औषिद येतंय." दाजी बिचारे दारात उभं राहून, आक्कांचा पदर कुठं उडतोय ते पाहून मगच फवारायला जात. ती सवय त्यांना इतकी लागली, की पंप नसला तरी दारात आले की आधी वारं बघतात.

त्या पट्ट्यात काय केव्हा पेरायचं याचं सगळं गणित अमावस्येपासून उलटं मागं येई. तूर तेव्हा ओली हवी, वालाच्या शेंगा भरलेल्या पण कोवळ्या हव्यात, मेथी कोवळी हवी, बाजरी मात्र वाळून घरात आलेली हवी. मी एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले असताना त्यांना विचारलं, "आक्का, एवढ्या लवकर कशाला डोकं शिणवता?" त्या म्हणाल्या, "भज्जी काय त्या दिवशी शिजती व्हय? ती मृगातच शिजाया ठिवावी लागती." आमच्याकडं पाहुणे येणार म्हटलं की दोन दिवस आधी याद्या आणि धावपळ. या बाई सहा महिन्यांपूर्वी मातीत हात घालून, कुठलं पान कुठल्या दिवशी कोवळं असेल ते ठरवत होत्या. वालाच्या पेरणीचा दाजींचा प्रश्न वर्षातून एकदाच आणि एकाच शब्दाचा असे, "कवा?" आक्काही एका शब्दात उत्तर देत, "आर्द्रात." म्हणजे मृगानंतरच्या नक्षत्रात. झालं! त्यावर चर्चा नाही.

हे गणित एकदाच चुकलं. त्या वर्षी अधिक महिना आला होता. तो श्रावणाच्या आसपास यायचा होता आणि पेरणीच्या वेळी आक्कांच्या ध्यानात राहिला नाही. पेरणीची नक्षत्रं सूर्याप्रमाणं येतात, ती जागेवरच राहतात. अमावस्या मात्र अधिक महिन्यानं पुढं ढकलली जाते. नेहमीप्रमाणं आर्द्रात टाकलेला वाल येळवस यायच्या आत पिकून गेला. आम्ही पोचलो तर वेलावर शेंगा वाळून खुळखुळत होत्या. आक्का वेलापाशी बसून होत्या, एक शेंग कानाशी धरून वाजवत. "लई घाई केली मी," म्हणाल्या. मग वाळलेलाच वाल भिजवून भज्जी झाली. पाहुण्यांनी वाखाणली. आक्कांनी मात्र उंडा कुस्करला आणि तसाच ठेवला. त्यानंतर दरवर्षी पाडव्याला त्यांचा मला फोन ठरलेला. शुभेच्छा वगैरे काही नाही, सरळ प्रश्न: "सुनंदे, नवं पंचांग बघ. यंदा अधिक हाय का?" त्या जेवणात मला मिळालेलं काम हे एवढंच, पण त्याचा मला केवढा तोरा असे!

आणखी एक त्यांची रीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या लुटतो. आक्का ओंजळभर वाल द्यायच्या. शिवारातल्या बाया हसायच्या, पण घ्यायच्या आणि आपापल्या बांधाला लावायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं.

गेल्या वर्षी भादव्यात पावसानं जे केलं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. विहिरीजवळचा ओढा फुटला आणि येळवशीचं वावर मातीसकट गेलं. तूर गेली, वाल गेला. आक्का तोवर आजारी पडल्या होत्या. पोटाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. ही त्यांची शेवटची येळवस असणार हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनाही असावं. मी म्हणाले, "आक्का, एकदा फक्त मंडईतनं आणू." त्या म्हणाल्या, "जे आपन पेरलं न्हाई त्येचा निवद कशाला दाखवायचा? आंबील करू, उंडे करू. यंदा भज्जी न्हाई." जुनी बाजरी होती, डाळ होती, चिंच होती, उशिरा पेरलेल्या हरभऱ्याचा पाला होता. भज्जीचा ओला दाणा मात्र नव्हता. त्यांचा नेम मोडून मला त्यांना सुख द्यायचं नव्हतं आणि भज्जीवाचून ते रिकामं पान त्यांच्यापुढं ठेवायला माझा हात धजत नव्हता.

येळवशीच्या सकाळी आम्ही आक्कांना रानात नेऊन कोपेजवळ गोधडीवर बसवलं. तेवढ्यात वरच्या बाजूच्या शमीमबी आल्या. त्यांचं रान उंचावर, तिथं पाणी कमी शिरलं होतं. ओटीत वालाच्या हिरव्या शेंगा. "आक्का, निवदाला घ्या. तुमचंच बी हाय, तुमी वाणात दिलतं." आक्कांनी एक शेंग उचलून पाहिली. त्या काही बोलायच्या आत दुसरी बाई आली, तिच्या ओटीत वाल. मग तिसरी, मग बांधाबांधानं येतच राहिल्या. प्रत्येकीला वाटलेलं, आक्कांचा वाल गेलाय, आपणच नेला पाहिजे, आणि एकीनंही दुसरीला विचारलेलं नाही. पोत्यावर वालाच्या शेंगांचा ढीग लागला. पेराल तसं उगवतं म्हणतात. आक्कांनी वाल पेरला होता, वालच परत आला. आक्का पोट धरून हसायला लागल्या, दुखत होतं तरी हसत होत्या. "आगं बायांनो, येकीला बी तुरीची शेंग सुचली न्हाई का? ह्येला भज्जी म्हनावं का वालाची उसळ!" शमीमबी म्हणाल्या, "आता तुमी वाणात तुरी वाटल्या असत्या तर तुरी आनल्या असत्या."

ती वालाची भज्जी मी जन्मात विसरणार नाही. आक्कांनी दोन घास खाल्ले. मग शमीमबींचा हात धरून म्हणाल्या, "दोन येल तोडू नको. बियाला ऱ्हाऊ दे." संक्रांतीला आक्का बाजेवरून उठू शकत नव्हत्या. त्या वर्षी वाण द्यायला त्या बायाच आल्या, आणि आक्कांच्या ओटीत वाळलेल्या वालाच्या ओंजळी पडत गेल्या. मी दाराला टेकून बघत होते. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. देवळात जाऊनही मला कधी असं हात जोडावंसं वाटलं नव्हतं.

पाडव्याला फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "सुनंदे, अधिक हाय का?" मी पंचांग पाहिलं. "हाय आक्का. ज्येष्ठ." त्या म्हणाल्या, "मंग येळवस लांबनार. दाजींना घाई करू दिऊ नको." आपण नसणार त्या जेवणाची पेरणी त्या मला सांगत होत्या, तीही रोजचं काम सांगावं तशी. मी "बरं" म्हणाले.

परवा नेकनूरकडं गेले होते. मृग आठवड्यावर आलाय. दाजींनी आढ्याला टांगलेलं बियांचं गाडगं खाली काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तोंडावरचं फडकं आक्कांनीच बांधलेलं, गाठ त्यांचीच. मी ती सोडली. कीड लागू नये म्हणून त्या आपल्या चुलीची राख चाळून तिच्यात बी ठेवत. मनगटापर्यंत हात घातला तर राखेच्या पोटात वाल हाताला लागला, गार आणि टणक. दाजी भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "कवा?"

हा प्रश्न ते आक्कांशिवाय कधी दुसऱ्या कुणाला विचारत नसत.

"आर्द्रा सरून पुनर्वसू लागू द्या, दाजी. यंदा अधिक आलाय."

त्यांनी मान हलवली, उठले आणि दारात उभे राहून वारं बघायला लागले. मी गाडग्याचं तोंड पुन्हा बांधलं. भज्जी शिजायला ठेवून आक्का गेल्या आहेत. आता चुलीपाशी आम्हालाच बसायचंय.