आधी फोन करणारे मास्तर

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या ‘डोळे उघडा’ ग्रुपवर माझा शब्द खोडायची कोणाची छाती नव्हती. मास्तर मात्र खोडायचे. तेही आदल्या दिवशी फोन करून, परवानगी मागितल्यासारखं.

मास्तर पोस्टातून निवृत्त झालेले, मौद्याला एकटे राहायचे. सरकार अन् विमानवाले आपल्यापासून काय लपवतात, ते आम्ही ग्रुपवर शोधायचो. चंद्रावर माणूस गेलाच नाही, हे मास्तर शपथेवर सांगत. पण दुसऱ्याचं खोडायचं असलं की आधी फोन. "उद्या दहा वाजता तुमचं खोडणार आहे, देवरावजी. चारचौघांत अचानक कोणाचं धोतर ओढू नये."

"खोडा न गा, फोन काहून करता?" मी म्हणायचो. तिसरी शिकलेला माणूस मी, हिंगण्याला तीस वर्षं वेल्डिंग केलं. असले लाड मला नको होते.

त्यांची बायको गेल्यावर मास्तर एकदा म्हणाले, "ग्रुपवर लिहायचं असते म्हणून सकाळी दाढी करतो. नाही तर कोणासाठी करू?" मी हसलो. पण लक्षात ठेवलं.

मग मी तो फोटो टाकला. खाप्याच्या नदीवर विमानानं सोडलेल्या पांढऱ्या रेघा, पाऊस पळवायचं औषध. लोकांनी वाहवा केली. चार वाजता फोन आला.

"देवरावजी, मागं दुकानाची पाटी दिसते. तेलुगू आहे ती. खाप्यात तेलुगू पाटी कुठली? तुम्हीच फोटो काढून टाका. मी ग्रुपवर एक अक्षर बोलत नाही."

हळू बोलले, तेच झोंबलं. मला पाटीतलं काही कळलं नाही हे त्यांनी ओळखलं होतं, अन् वर माझी लाज राखत होते!

मी लगेच ग्रुपवर बोललो, "मास्तर मले ग्रुपवरून फोटो काढून टाकाले लावून राहिले. इतका गोड माणूस सरकारी पगारावरच असते."

आमच्यात याहून मोठी शिवी नाही. एकानं लिहिलं, "मास्तर, महिन्याले किती भेटते?" दुसरा म्हणे, "मलेही आला होता फोन!" तिसरा, चौथा, सगळ्यांनाच आलेले. त्यांची सभ्यताच पुरावा झाली. ग्रुप चालवणाऱ्या चंदूभाऊ कूलरवाल्यानं मला विचारलं, "पक्कं ना, देवराव?"

"पक्कं."

ग्रुपमधून काढायच्या आधी मास्तरांची एकच ओळ आली. "सप्रेम नमस्कार. मी असहमत आहे. देवरावजींना दोष देऊ नये." पाटीबद्दल शब्द नाही.

त्यांचा फोन पुन्हा कधी आला नाही. मला खोडणारं दुसरं कोणी अजून भेटलेलं नाही.

मास्तरांना काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, फोटोतली तेवढी पाटी कापली, अन् बरोबर दहा वाजता तो पुन्हा ग्रुपवर टाकला.