आळीतल्या बायकांना माझं नवं घर दाखवलं

गेल्या रविवारी आमच्या आळीतल्या अकरा बायका टेंपोत बसवून मी दहिवलीहून खालापूरच्या बाजूला नेल्या. देवदर्शनाला नाही बरं का... माझं नवं घर दाखवायला!

घर म्हणजे एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि पुढं बसायला ओटा. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली वसाहत आहे ती. नर्स दिवसरात्र, जेवण हॉलमध्ये. आमच्या आळीत तिला सरळ "आश्रम" म्हणतात... आणि घोडं तिथंच अडलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. हेसुद्धा मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो, मग नात अनू चुका काढते. आठवीत आहे, पण मास्तरीण परवडली. असो... कुठं होते मी?

हां. मालक गेल्यावर मी घरात एकटी. मुलगा सुनील, सूनबाई आणि अनू पनवेलला. तिथं दोन महिने राहून बघितलं. सकाळी तिघं बाहेर पडली की अंधार पडेपर्यंत मी आणि टीव्ही. परत घरी आले, तर श्रावणात मोरीत पाय घसरला... दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होते.

मग ही वसाहत मीच शोधली. आमच्या शेजारची बाई तिथं भाजी द्यायला जाते, तिच्याकडून कळलं. माझ्या नावाचा रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकला होता, ते पैसे बँकेत होते. नातीच्या लग्नाला राहू दे, असं सगळ्यांचं म्हणणं. अनू म्हणाली, "माझं लग्न मी बघीन, तू तुझी कंबर बघ."

बघायला गेलो तेव्हा अनूनं वहीचं पान मधोमध दुमडलं. एकीकडं चांगलं, एकीकडं वाईट. मोरीत धरायला दांडा, घंटी दाबली की माणूस हजर, गप्पांना बायका... हे चांगलं. कोंबड्या ठेवायच्या नाहीत, चूल नाही, दर महिन्याचा खर्च... हे वाईट.

मी मॅनेजरबाईंना विचारलं, सुकट भाजली तर चालेल का? त्यांचा चेहराच पडला. तिथं सगळं शाकाहारी! आता रायगडच्या बाईनं सुकटीवाचून कसं जगायचं... अनूनं ते वाईटात दोनदा लिहिलं.

पण त्या दिवशी आम्हाला जेवायला बसवलं आणि एका मुलीनं तव्यावरची भाकरी आणून माझ्या ताटात टाकली. लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांना वाढून मग उरलेली गार भाकरी खाणारी मी... बघतच राहिले. माझं तिथंच ठरलं.

सुनील मात्र ऐकेना. "आई, आळी माझ्या तोंडात शेण घालील. म्हणतील, पोरानं म्हातारीला आश्रमात टाकली." आणि त्याचं खोटं नव्हतं. समोरच राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी नळावर सुरूही केलं होतं... "एकुलता एक पोरगा, त्यालाबी आई जड झाली."

मला ते लागलं. मी पडले तेव्हा रजा टाकून आलेला पोरगा तो. रोज स्वतःच्या हातानं माझी कंबर शेकली त्यानं. त्याच्या नावाला बट्टा लावून मी गरम भाकरी खायची? सुकटीपेक्षा हे फार जड होतं... अनूच्या कागदावर मावणारं नव्हतं.

म्हणून टेंपो सांगितला. सुनीललाही पुढं ड्रायव्हरजवळ बसवला.

हॉलमध्ये सगळ्यांना चहा आणि कांदाभजी दिली आणि मी उभी राहिले. जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते. म्हटलं, "नीट ऐका गं. सुनीलनं मला टाकली नाय. तो नको नको म्हणतोय, मीच चाललेय. पैसा माझा, मर्जी माझी. उद्या माझ्या पोराला कोण बोललं तर माझ्याशी गाठ हाय!"

सुनील दाराशी खाली मान घालून उभा. मग मागून एक बाई म्हणाली, "आणि भजी संपली काय गं?" जे काय हसल्या सगळ्या!

नंतर माझ्या खोलीत नुसती जत्रा. कुणी नळ सोडून बघतंय, कुणी गादी दाबतंय. एकीनं घंटी दाबली, तर नर्स धावत आली बिचारी. तिलाही भजी दिली.

जाऊबाई तेवढ्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, गुडघा चोळत. त्यांच्या दोन मुलांनी आईला वाटून घेतलंय... पंधरा दिवस याच्याकडं, पंधरा दिवस त्याच्याकडं. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "सुमन, कुणाला बोलू नको... पण बाजूची खोली रिकामी हाय का गं?"

मला हसूच येणार होतं. पण त्यांचे डोळे बघितले आणि हसू आतल्या आत गेलं. म्हटलं, "आधी चार दिवस माझ्याकडं पाहुण्या म्हणून या, जाऊबाई. मग बघू." त्यांना विचारूनच हे लिहितेय. म्हणाल्या, "लिही. पोरांनाबी वाचू दे."

तर पुढच्या महिन्यात मी जातेय. दहिवलीचं घर बंद करणार नाही. दर रविवारी येणार, दारं उघडणार, पोटभर सुकट भाजणार.

परत येताना चौक गावाला टेंपो थांबला. सुनील सगळ्यांसाठी वडापाव आणायला उतरला. वडापावच्या गाडीवरचा माणूस ओळखीचा, म्हणाला, "काय सुनीलशेठ, एवढ्या बायका घेऊन कुठं?" माझा जीव धसकला.

सुनील सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "आईनं नवीन घर घेतलंय! ते बघायला गेलो होतो."

लहानपणी तो कुणाशी भांडून आला की मी त्याची बाजू घ्यायची. परवा भर रस्त्यात त्यानं माझी घेतली... वडापाव हातात तसाच राहिला माझ्या. देवानं मला लेक दिला, तो मनासारखा दिला.